वाटीच्या तळाचं दूध

सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं आणि आठव्यात झालेलं जगत नाही, हे आमच्या खानदेशात कुणालाही विचारा, छातीठोकपणे सांगतील. का, म्हणून विचारलंत तर तुमच्याकडेच वेड्यासारखं बघतील. सातापेक्षा आठ नवाच्या जवळ असतो एवढं गणित मला येत होतं, मी दहावी पास होते. तरीही पोट आवळायला लागलं आणि पाणी गेलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मेल्या, आठव्यातच का? यायचंच होतं तर महिनाभर आधी तरी यायचंस.

तेव्हा आम्ही सुरतेला उधन्यात राहत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा लूमच्या खात्यात होता. सुरतेत कापडाच्या कारखान्याला खातंच म्हणतात. बाळंतपणाला मी माहेरी जाणार होते, धुळ्याकडे, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. ती पिशवी खोलीतच राहिली. शेजारणीने मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात आणून टाकलं, आणि नवरा केसांत सुताचा भुरा घेऊन धावत आला तोवर मुलगा झालाही होता. रडला, पण मांजराच्या पिलाने रडावं तेवढंच. मला दाखवल्यासारखं केलं आणि काचेच्या पेटीत ठेवायला म्हणून घेऊन गेले. मी रिकाम्या हाताने खाटेवर.

त्या वॉर्डात एक सिस्टर होती. व्यारा-सोनगडकडची, आदिवासी, ख्रिस्ती, गळ्यात बारीकसा क्रूस. अंगाने थोराड. पायात पांढरे बूट, त्यांच्या टाचा दाबून तिने त्यांच्या चपला करून टाकल्या होत्या. बोलायची ती गुजराती आणि हिंदीची भेळ करून, आणि एवढ्या मोठ्याने, की एका बाईला बोलली तरी अख्खी रांग दचकून उठून बसायची. मला ती बघताक्षणी आवडली नाही. माझी चादर ओढून ती म्हणाली, "ऊठ. दूध काढ."

"मूल कुठे आहे जवळ? दूध कुणाला?"

"एना माटे ज तो!" ती म्हणाली. त्याच्यासाठीच तर. मग दम घेऊन तिने मला नीट सांगितलं. मुलाला चोखायची ताकद नव्हती. नाकातून बारीक नळी पोटात घातली होती, तिच्यातून दूध द्यायचं. डब्याच्या पावडरचं दूध देऊन बघितलं तर त्याचं पोट ढोलासारखं फुगलं आणि त्याने हिरवं ओकलं. डॉक्टरांनी आता डबा बंद केला होता. "तुझं दूध आलं तर त्याला मिळेल. नाही आलं तर दुसरं काही नाही माझ्याकडे," ती म्हणाली. हे असं तोंडावर सांगतात का कुणी बाळंतिणीला? मला तिचा राग आला. पण ती खोटं बोलत नव्हती.

उकळलेली स्टीलची वाटी माझ्या हातात देऊन तिने शिकवलं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी आत, बरगडीकडे दाबायचं, मग चिमटायचं, मग सोडायचं. ओढायचं नाही, घासायचं नाही. माझ्याने जमेना. तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या हाताने दाबून दाखवलं. आईसमोरसुद्धा मी पदर सरकू दिला नव्हता मोठी झाल्यापासून, आणि इथे शेजारच्या खाटेवरच्या बायका, त्यांच्या सासवा, डबा घेऊन आलेल्या नणंदा, सगळ्या बघत होत्या. लाजून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर वाटीत पिवळट, चिकट असे थेंब.

"एवढंसंच?"

"त्याचं पोट केवढं आहे? बोराएवढं." तिने ते थेंब सिरिंजमध्ये असे ओढून घेतले की वाटी चाटून पुसल्यासारखी झाली, आणि बुटांच्या चपला फटफटवत निघून गेली.

मग दूध उतरलं. असं उतरलं की छाती दगड झाली, ताप आला, कुशीवर वळता येईना. पण वाटी भरायला लागली. सिस्टर आली की मी वाटी पुढे करायची, परीक्षेत पहिली आल्यासारखी. ती तोंडाने शाबासकी द्यायची नाही. एकदा फक्त म्हणाली की पोट फुगलं नाही त्याचं, पचतंय. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

त्यानंतर माय आली. माझी आई, मी तिला माय म्हणायचे. भुसावळ पॅसेंजरने एकटी आली, कधी सुरत न बघितलेली बाई. नऊवारी, डोक्यावर पदर, आणि मुळातच बोलायला कंजूष. पेट्या ठेवलेल्या काचेच्या खोलीत नातेवाइकांनाच काय, मलाही सोडत नसत. तिने दारातून लांबूनच पेटी बघितली, परत येऊन माझ्या खाटेखाली बसली आणि काहीच बोलली नाही. नातू कसा आहे, कुणावर गेलाय, काही नाही. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

माझी छाती बघून मात्र तिचा चेहरा बदलला. "दुखस ना?" तिने विचारलं.

"दुखस ना माय. दगडसारखं व्हई गयं."

"थांब. उतार पडी."

ती बाहेर गेली आणि दवाखान्याच्या फाटकासमोरच्या फुलवालीकडून मोगऱ्याचे गजरे घेऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने ते माझ्या छातीवर, पोलक्याच्या आतून, घट्ट बांधले. उन्हाळ्याचे दिवस, वर पंखा नुसता कण्हत होता, सगळीकडे फिनेलचा आणि ओल्या फडक्यांचा वास. त्यात तो मोगरा. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी लहान मुलीसारखी तिच्या हातावर गाल ठेवून झोपले. ती रोज ताजे गजरे आणायची. कोमेजलेले काढायची, नवे बांधायची. दूध काढायच्या वेळी पट्टी सोडायची आणि झालं की परत करकचून आवळायची. ठणका गेला. छाती मऊ झाली. मला वाटलं, माय आली आणि सगळं रांगेला लागलं.

दूध कमी व्हायला लागलं तेव्हा ते माझ्या आधी सिस्टरच्या लक्षात आलं. तिने वाटी उजेडाकडे तिरपी धरली आणि मला झापलं. पाणी पीत नाहीस, जेवत नाहीस, रडत बसतेस. मी सांगितलं, सगळं करते. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. मी तांब्यांनी पाणी प्यायले, पोट डचमळेपर्यंत. नवऱ्याने शेजारणींना विचारून शतावरी आणली, शेपा आणल्या, खारका आणल्या; दूध यायला म्हणून जे जे कुणी सांगेल ते पिशवीत घालून तो खात्यातून सरळ वॉर्डाच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी सगळं गिळत होते. सिस्टरने पेटीतला मुलाचा वापरलेला कपडा आणून दिला, हा हुंग आणि काढ, म्हणाली, बाळाच्या वासाने दूध उतरतं. मी तो मुताचा वास देवाच्या अंगाऱ्यासारखा नाकाला लावून बसायची. कानबाईला नवस बोलले. इतकी दाबली छाती की निळे डाग उठले. वाटीत काय यायचं? तळ ओला व्हायचा, बस.

पाजायला दूध नसलं की बाई कशी होते ते मला तेव्हा कळलं. शेजारच्या खाटेवरची बाई सतत पाजत असायची, तिचं पोलकं भिजलेलं असायचं आणि ती त्याची तक्रार करायची. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. तिकडे काचेत माझा मुलगा उपाशी आहे आणि माझ्या अंगात त्याच्यासाठी काही नाही. मी आई नाहीच, मी नुसती खाट अडवून बसलेली बाई आहे, असं मला वाटायला लागलं. सिस्टरने सांगितलं की डॉक्टर पुन्हा डब्याचं दूध थोडं थोडं देऊन बघणार आहेत, दुसरा इलाज नाही. त्याचं पोट परत फुगलं तर काय, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्या दुपारी माय खाली पाणी भरायला गेली होती. सिस्टर स्वतःच माझं दूध काढून बघते म्हणून खाटेवर बसली, माझ्यावर वाकली आणि थांबली. तिने नाकाने दोनदा हुंगलं. मग काही न विचारता पोलकं उघडलं, पट्टी बघितली, गाठ सोडली, आणि गजरे तिच्या मांडीवर पडले.

"आ कोणे बांध्युं?"

मायने, म्हटलं. गारव्यासाठी.

सिस्टरचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. "हे गारव्यासाठी नाही बांधत," ती म्हणाली. "ज्या बाईचं मूल गेलं, तिला बांधतात. दूध आटवायला."

त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: ज्या बाईचं मूल गेलं. माझ्या डोक्यात लख्ख झालं की मूल गेलंय. केव्हाच गेलंय. सगळ्यांना ठाऊक आहे. मायला ठाऊक आहे, म्हणून ती बोलत नाही. नवऱ्याला ठाऊक आहे, म्हणून तो दारातूनच पिशवी देऊन पळतो. आणि ही सिस्टर मला रोज वाटी देऊन खेळवत होती. मी उठले आणि तशीच उघडी, अनवाणी धावत सुटले. टाके ओढले, पायावरून काहीतरी ओघळलं, मागून ती "अरे, ऊभी रहे!" म्हणून ओरडतेय, आणि बायका दोन्ही बाजूंनी किंचाळतायत. काचेच्या खोलीचं दार मी खांद्याने ढकललं.

तो पेटीत होता. नाकात नळी, डोक्यावर कापसाची टोपी. त्याची छाती वर-खाली होत होती, इतकी झरझर की मला आधी ते माझेच डोळे थरथरतायत असं वाटलं. सिस्टरने मागून येऊन माझ्या अंगावर चादर टाकली आणि माझा हात पेटीच्या भोकातून आत घातला. त्याचा पाय माझ्या बोटाला लागला. ऊन होता.

माय पाण्याची कळशी घेऊन परत आली तेव्हा गजरे फरशीवर पडलेले होते. तिने ते बघितले आणि कळशी खाली ठेवली. मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या पोराच्या तोंडचं तू काढलंस, म्हणाले. वैरीण आहेस, म्हणाले. "तू गावले निंघी जाय. आत्ताच्या आत्ता निंघी जाय!"

माय माझ्याशी नाही, सिस्टरशी बोलली. "आठवा महिनानं शे ते, बाई. ते ऱ्हात नही. मन्ही आंडेरले तरास नको." माझ्या लेकीला त्रास नको.

सिस्टरला अहिराणी येत नव्हती, पण तिला कळलं. "माजी, छोकरो जीवे छे!" ती ओरडली. मुलगा जिवंत आहे! मायने मान खाली घातली. जिवंत आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. ते किती दिवसांचं, एवढाच तिच्या लेखी प्रश्न होता, आणि त्या दिवसांसाठी मुलीची छाती पिकू द्यायची नाही असं तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

मला वाटलं, सिस्टर आता तिला वॉर्डाबाहेर काढणार. ती काढायची हो बायकांना, जरा गर्दी झाली की. पण तिने मायचा हात धरून तिला माझ्या खाटेवर बसवलं, वाट्या उकळायच्या शेगडीवरच्या पातेल्यात कपडा बुडवून पिळून तिच्या हातात दिला आणि मला सांगितलं की तुझ्याजवळ दिवसभर बसायला मला वेळ नाही. "एणे ज बंद कर्युं, हवे ए ज चालू करशे." हिनेच बंद केलं, आता हीच चालू करेल.

नको म्हणाले मी. माझ्या अंगाला हात लावू देणार नाही हिला, म्हणाले. सिस्टर म्हणाली, मग ऱ्हा भांडत, तिकडे तो वाट बघतोय. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पोलकं उघडलं.

मायचे हात म्हणजे जन्मभर म्हशी पिळलेले हात. तिने धार काढावी तसं खाली ओढलं आणि मी कळवळले. सिस्टरने फटकन तिच्या मनगटावर मारलं. "माजी, आ भेंस नथी!" सगळी रांग फिदीफिदी हसली. मला हसायचं नव्हतं तरी तोंड वाकडं झालंच. मग सिस्टरने मायची बोटं आपल्या बोटांत धरून दाखवली: आत दाब, चिमट, सोड. माय शिकली. लवकर शिकली. ऊन कपडा ठेवायची, हलक्या हाताने खांद्यापासून चोळत आणायची आणि मग दाबायची, तोंडातून चकार शब्द नाही. मीही नाही. आईलेकी इतक्या जवळ बसलेल्या आणि इतक्या अबोल, असा प्रकार त्या वॉर्डाने बघितला नसेल. नवरा दारात यायचा, दोघींची तोंडं बघायचा आणि न विचारताच परत जायचा. मला मायचा इतका राग होता, की तिचा श्वास माझ्या मानेवर लागला तरी अंगावर काटा यायचा. आणि तिने हात थांबवला की वाटायचं, थांबू नको गं, आणखी दाब.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. पुन्हा पुन्हा काहीच नाही. सिस्टर येऊन जायची, रिकामी वाटी बघायची आणि म्हणायची, चालू राखो. डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू केलं होतं, पाण्यासारखं पातळ, थेंबाथेंबाने, आणि तेवढ्यानेही पोट ताणलेलं होतं. मी जेवण समोर घेऊन रडायची. मग एका सकाळी मायच्या बोटांखाली एक थेंब आला आणि तिथेच थांबून राहिला, पडेना. मायने वाटीची कड त्याला लावली. त्यापाठोपाठ दुसरा. सिस्टरने ते दोनचार थेंब नेले, हसली नाही, थट्टा केली नाही. संध्याकाळपर्यंत वाटीचा तळ झाकला. पुढे हळूहळू वाढत गेलं, परत आटलं, परत आलं, आणि शेवटी डबा बंद करता येईल एवढं झालं.

तो जगला, हे इथेच सांगून टाकते; वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवायची मला हौस नाही. आज तो माझ्याहून वीतभर उंच आहे आणि माझ्याशी गुजरातीत भांडतो.

पण मला सांगायचंय ते त्याला पेटीतून काढून पहिल्यांदा वॉर्डात आणलं त्या दिवसाचं. नळी काढली होती. चोखायची ताकद अजून नव्हती, माझ्या छातीशी धरला की तो तोंड उघडायचा आणि दमून झोपी जायचा. सिस्टर स्टुलावर बसली, त्याला मांडीवर जरा उभट धरलं, आणि मायने नुकत्याच काढलेल्या दुधाची वाटी घेऊन तिने चमच्याची कड त्याच्या खालच्या ओठाला लावली. ओतलं नाही, नुसतं टेकवलं. त्याने जीभ बाहेर काढली. चाटलं. गिळलं. परत जीभ काढली.

इतके दिवस दूध आत कुठेतरी काचेपलीकडे जायचं. मायने ते तोंडात जाताना कधी बघितलं नव्हतं. ती स्टुलाजवळ सरकली.

"याले चोखता येत नही ना आजून?" तिने विचारलं. मी सिस्टरला हिंदीत सांगितलं.

"ना. दम नथी."

"तरी पेस?"

"पीए छे ने. जुओ." पितोय ना. बघा.

माय बघत राहिली. एक चमचा, दुसरा चमचा. मग ती खाटेच्या पायाशी फरशीवर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तुन्हा पहिले एक व्हता. आंडोर. आठवा महिनाना."

मी घरातली थोरली, असं मला जन्मभर माहीत होतं. मला भाऊ होता हे कुणी कधी बोललं नव्हतं. माय सांगत होती की तो काही दिवस होता. छातीशी धरला की तोंड उघडायचा, पण चोखता यायचं नाही, गळून पडायचा. आठव्याचा आहे, असाच जाणार, सगळे म्हणाले. आणि तिला तर दूध इतकं, की गोधडी भिजायची. पायदळी पडू देऊ नको, म्हणाली सासू, म्हणून ती मागच्या दारी जाऊन भिंतीवर पिळायची. आत तो खाटेवर तोंड उघडं टाकून पडलेला असायचा. तो गेल्यावरही दूध थांबलं नाही. सुईण मोगरा घेऊन आली तोवर छाती पिकली होती, चिरावी लागली. तसं माझं होऊ नये म्हणून ती आधीच गजरे घेऊन आली होती.

सिस्टरने मला विचारलं, काय म्हणतायत? उत्तराची वाट न बघता तिने तिसरा चमचा भरला, माझ्या मुलाच्या ओठाला लावला, आणि त्याने तोही घेतला. माय त्या चमच्याकडे बघत होती.

"माले कोनीच सांगं नही," ती म्हणाली. "घरमा वाटी व्हती व बाई. चमचा बी व्हता."